फणसाच्या चिकाच्या पट्ट्या

ठाणे, ता. १८ जानेवारी १८८४

ताईस त्र्यंबकाचा नमस्कार पोचावा.

संक्रांतीला कल्याणास येणं जमलं नाही. श्रीपादराव वकिलांच्या कचेरीत एका मोठ्या दाव्यातल्या साक्षींच्या नकला करायच्या होत्या, त्यामुळे रजा मिळाली नाही. तुझी मागची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. प्रकृती चांगली आहे. खाणावळीतलं जेवण बरं असतं. भावोजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. काळजी करू नये.

त्र्यंबक


कल्याण, ता. २३ जानेवारी १८८४

चि. त्र्यंबकास,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मजकुरासाठी नाही, मजकूर काय तो सहा ओळींचा. अक्षरासाठी वाचलं.

अक्षर तुझंच आहे. 'क्ष'ची शेपटी तशी तुझ्याशिवाय कोणी काढत नाही. पण ओळी उजवीकडे खाली उतरत गेल्या आहेत. तिसऱ्या ओळीत लेखणी फरपटली आहे आणि कोपऱ्यात दौतीच्या बुडाएवढं शाईचं कडं उमटलं आहे. अप्पांनी आपल्या दोघांना ओटीवर एकाच मेजाशी बसवून अक्षर शिकवलं. ओळ वाकडी गेली की ते नवा कागद पुढे ठेवत. आठ वर्षांच्या त्र्यंबकाच्या ओळी तुझ्या आताच्या ओळींपेक्षा सरळ होत्या.

तेव्हा स्पष्ट विचारते. तू दारू प्यायला लागला आहेस का? शहरात एकटा राहतोस, वकिलांच्या कचेरीत नाना तऱ्हेची माणसं येतात. तसं असेल तर तसं लिही. मी रागावेन, पण उत्तर पाठवेन. खोटं लिहिलंस तर उत्तर येणार नाही.

सुमती


ठाणे, ता. २ फेब्रुवारी १८८४

ताई,

दारू नाही. खरं लिहितो. पत्र पुरतं वाचल्याशिवाय कोणाला काही सांगू नकोस.

कार्तिकात वकिलांनी मला बाळकुमला पाठवलं होतं, एका मक्तेदाराच्या सह्या आणायला. खाडीतून होडीनं गेलो. भरती होती. धक्क्याला लागताना होडी दगडावर आपटेल म्हणून मी डावा हात पुढे केला. पाण्यानं होडी उचलली आणि हात दगड आणि फळी यांच्यामध्ये सापडला. बोटं चेंगरली. पुढे जखम चिघळली. नवव्या दिवशी डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला.

तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आली असतीस, आणि मला त्या दिवसांत कोणी बघायला नको होतं.

महिन्याभरानं कचेरीत परत गेलो. सगळे म्हणाले, देवाची कृपा, लिहिता हात वाचला. मलाही तसंच वाटलं होतं. लिहिताना डावा हात काय करत असतो हे तो गेल्यावर कळतं. तुला आमची मेजं माहीत नाहीत. ती पुढे उतरती आहेत, वर रोगण लावून गुळगुळीत केलेली. कागद डाव्या हातानं दाबून धरायचा असतो. टाक बुडवताना दौत धरायची असते. आखणीचा रूळ धरायचा असतो. मी टाक टेकवला की कागद सरकतो. टाक बुडवला की दौत सरकते. रूळ तर घरंगळत थेट जमिनीवर जातो आणि कचेरीतले सगळे माना वर करतात.

श्रीपादराव म्हणाले, "त्र्यंबक, तू दाराशी बसत जा. पक्षकारांना आत सोड. तेवढं एका हातानं होईल." मी म्हटलं, "मी नक्कलनवीस म्हणून आलो आहे, नकलाच करीन." त्यांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली. तोवर पूर्वीसारख्या स्वच्छ नकला झाल्या तर ठीक, नाही तर दार.

मी दाराशी बसणार नाही. तू रडू नकोस.

त्र्यंबक


कल्याण, ता. ९ फेब्रुवारी १८८४

चि. त्र्यंबकास,

रडले. एक दिवस रडले, आता झालं.

तू मला कळवलं नाहीस याचा राग आहे आणि तो राहील. त्याबद्दल आता लिहीत नाही.

काल दुपारी सगळे झोपल्यावर मी माळ्यावरून अप्पांचं मेज, माहेराहून आणलेलं, खाली काढलं. डावा हात पदरानं पाठीशी बांधला आणि लिहायला बसले. तू लिहिलंस ते अक्षरशः खरं आहे. पाचव्या शब्दाला कागद फिरला. मी कोपरानं दाबून बघितला, तर खांदा वाकडा झाला आणि अक्षर बिघडलं. दौत दोनदा कलंडली. साडीवर शाई सांडली, ती सासूबाईंना दिसली. त्यांना सांगितलं, खर्च मांडत होते.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तुझा हात कमी पडत नाही, त्र्यंबका. मेज निसरडं आहे. निसरडं मेज असणं हा काही तुझा दोष नाही. ते सुतारानं दोन हातांच्या माणसासाठी केलं आहे, एवढंच. मेजावरच्या वस्तू आपल्या जागी बसल्या की एक हात पुरेल.

तू काय काय करून बघितलंस ते सगळं लिही. काही गाळू नकोस. फसलेलं आधी लिही.

सुमती


ठाणे, ता. २० फेब्रुवारी १८८४

ताई,

फसलेलंच सगळं आहे, तेव्हा क्रम लावायला नको.

कागदावर गोटा ठेवला. उतारावरून गोटा कागद घेऊन खाली आला. मेण लावलं. कागद धरला चांगला, पण मागे तेलकट डाग पडला आणि मुद्रांकाचा कागद वाया गेला. टाचणी चालत नाही, सरकारी कागदाला भोक पडलेलं खपत नाही. ओल्या फडक्यावर दौत ठेवली, ती तेवढी बसली. पण फडकं वाळलं की पुन्हा चालू लागते, आणि ओल कागदाला लागली तर शाई फुटते.

शेजारच्या मेजावर गुणाजी नावाचा नक्कलनवीस बसतो. भला माणूस आहे. तो मध्येच उठून माझा कागद धरू लागला. वकिलांनी बघितलं. म्हणाले, "नक्कल एकाची आणि हात दोघांचे, असं या कचेरीत चालणार नाही." मीच गुणाजीला म्हटलं की धरू नकोस. दुसऱ्यानं कागद धरल्यावर लिहायचं असेल तर दाराशी बसलेलं काय वाईट.

मी रोज सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर उठतो. तरी गुणाजीच्या तीन नकलांना माझी एक होते, आणि तीही डागाळलेली.

त्र्यंबक


कल्याण, ता. ८ मार्च १८८४

चि. त्र्यंबकास,

या पत्रासोबत एक पुरचुंडी पाठवते आहे. उघडण्याआधी हे वाच.

आमच्याकडे ठाकुर्लीहून आवडाबाई नावाची बाई भाजी आणि कुयऱ्या घेऊन येते. आगऱ्यांची आहे, पन्नाशीची, अंगानं काटक. परवा मी मागच्या दारी तिच्याशी बोलत होते. फणसाची कुयरी कापताना कोयती हातातून निसटली, तेव्हा तुझी आठवण होऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं विचारलं. मी सांगितलं. एका हाताचा भाऊ, निसरडं मेज, सगळं.

ती म्हणाली, "बाय, त्याला काय रराचा? आमचे मिठागरान सगल्यांचं हात वलंच असतान. दांडा निसटला त मीठ कोन वरील? आमी दांड्याला काथ्या गुंडालतो न् त्याला फनसाचा चीक लावतो. मग सोराचा म्हटला तरी सुटत नाय."

तिच्या बोलण्यात कीव मला कुठे दिसली नाही. मीठ ओढायचा दांडा निसटतो तशी दौत निसटते, त्यात रडण्यासारखं काय, असंच तिचं म्हणणं.

मी कुयऱ्यांचा चीक काठीवर गोळा केला, त्यात थोडा वडाचा मिसळला, पाण्यात उकळवला आणि जुन्या धडप्याच्या पट्ट्यांवर थापला. दोन लांब पट्ट्या कागदाखाली घाल, एक वरच्या कडेला, एक खालच्या. काथ्याची चुंबळ आहे ती दौतीखाली. रुळाच्या दोन्ही टोकांना काथ्याचा दोरा गुंडाळ, म्हणजे तो घरंगळणार नाही.

मी हात बांधून दोन पानं लिहिली. कागद हलला नाही.

सुमती


ठाणे, ता. ३१ मार्च १८८४

ताई,

तुझ्या पट्ट्यांनी मला पंधरा दिवस माणसात आणलं आणि एका दुपारी पार बुडवलं.

पंधरा दिवस मी गुणाजीच्या बरोबरीनं नकला केल्या. दौत खिळवल्यासारखी बसत होती. श्रीपादराव येता जाता बघत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ऊन फार तापलं. माझं मेज पश्चिमेच्या खिडकीशी आहे. एका जुन्या खरेदीखताची नक्कल चालली होती. मूळ कागद मी वरच्या पट्टीवर ठेवला होता, समोर उभा राहावा म्हणून. चीक उन्हानं विरघळला. कागद उचलायला गेलो तर तो पट्टीला चिकटलेला. ओढला. कोपरा फाटला, आणि त्या कोपऱ्यावरच साक्षीदाराची सही होती.

चूक माझी आहे. मूळ कागद पट्टीवर ठेवायला नको होता. मी तसं कबूल केलं. पण श्रीपादराव सगळ्यांसमोर म्हणाले, "मी तुला काढत नाही, त्र्यंबक. तुझा हात तुला काढतो आहे."

मी म्हटलं, "हात तुमच्याच कामावर गेला, रावसाहेब. त्याला माझ्याविरुद्ध साक्षीला उभं करू नका." आणि टोपी घालून बाहेर पडलो.

आता पट्ट्या मेजाला चिकटून तिथंच आहेत. राहू देत. मी कल्याणला येणार नाही. भावोजींच्या घरी बसून खाणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणखी काही पाठवू नकोस.

त्र्यंबक


कल्याण, ता. २ एप्रिल १८८४

त्र्यंबका,

पाठवणार आहे.

मी एक चूक केली. मी चिकटणारी वस्तू केली. आपल्याला चिकटणारी नको होती, निसटू न देणारी हवी होती. चिकटणारी वस्तू कागद धरून ठेवते. निसटू न देणारी वस्तू तू म्हणशील तेव्हा सोडतेही. आवडाबाईच्या माणसांना संध्याकाळी दांडा खाली ठेवता येतो, तो काही त्यांच्या हाताला चिकटून घरी येत नाही. हे मी तिला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आज विचारलं. ती हसली आणि म्हणाली, धुरी दिलीच नाही का?

तेव्हा महिनाभर थांब. तोवर बसायला जागा शोध. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात ना? त्यांना कोणी नोकरीवर ठेवलेलं नसतं, म्हणून कोणी काढतही नाही.

सुमती


ठाणे, ता. ९ मे १८८४

ताई,

पट्ट्या मिळाल्या, आणि या खेपेला मी त्यांची परीक्षा घेतली. सबंध दुपार उन्हात ठेवल्या. त्यांच्यावर कोरा कागद ठेवून वर विटा रचल्या. कागद अलगद निघाला. तरी लिहिताना केसभर सरकत नाही. बोटाला कोरड्या लागतात, मांजराच्या जिभेसारख्या खरखरीत. धुरीचा वास मात्र अजून येतो. तू नक्की काय केलंस ते लिहिलं नाहीस.

आता मी सरकारी कचेरीसमोर चिंचेखाली बसतो. एक खोकं उलटं घालून त्यावर फळी टाकली आहे. फळी मुद्दाम उतरती ठेवली, हाताला तशीच सवय आहे. पहिले काही दिवस माणसं अर्ज लिहून घ्यायला नाही, बघायला येत. मी बघू देतो. मनगट उपरण्यात लपवायचं सोडून दिलं आहे. एक म्हातारा अर्धा तास उभा राहून म्हणाला, "तुझी दौत पडत नाही, आणि त्या पलीकडच्याची दोन हात असून पडली." त्यानं मग माझ्याकडून अर्ज लिहून घेतला.

आता महत्त्वाचं. परवा बाळकुमहून महिपत नावाचा माणूस आला. तुझ्या आवडाबाईचा भाऊ. तिनंच माझा ठावठिकाणा दिला. मिठागरात राबणाऱ्यांची गोड्या पाण्याची एक विहीर आहे. तिच्याकडे जाणारी बांधावरची वाट नव्या मक्तेदारानं कुंपण घालून बंद केली. म्हणतो, वाट माझ्या हद्दीत आहे. बायांना आता खाडीच्या कडेनं चिखलातून वळसा घालून जावं लागतं. एक गरोदर बाई घसरून पडली. मूल गेलं. महिपत चिंचेखालच्या चौघा लिहिणाऱ्यांकडे जाऊन आला. चौघांनी नाही म्हटलं, कारण मक्तेदाराचे वकील श्रीपादराव आहेत. ज्याच्या सह्या आणायला मी होडीतून गेलो, तोच हा मक्तेदार.

मी अजून हो म्हटलेलं नाही. इथं बसायचं तर वकिलांशी वाकडं घेऊन भागत नाही, असं शेजारचे सांगतात. तुला काय वाटतं?

आणखी एक. तुझी पत्रं अलीकडे चार ओळींची येतात, तीही कुठल्या तरी पाठकोऱ्या तुकड्यांवर. माझ्या रडगाण्याला कंटाळली असशील तर तसं लिही. मी समजून घेईन.

त्र्यंबक


कल्याण, ता. १३ मे १८८४

त्र्यंबका,

अर्ज लिही. श्रीपादरावांना काय वाटेल ते श्रीपादराव बघतील.

बाळकुमला जा. जुन्या वाटेनं विहीर किती पावलांवर ते मोज, मग वळशानं किती ते मोज. ज्या बाया पाणी भरतात त्यांची नावं एकेक करून घाल. 'गरीब रयत' असं लिहू नकोस, नावं लिही.

कंटाळले नाही. कागद कमी आहे. कारण मागाहून.

सुमती


ठाणे, ता. २१ जून १८८४

ताई,

हे पत्र लांबणार आहे. आज माझ्याकडे कागद आहे आणि सांगण्यासारखंही आहे.

अर्ज दिला. जुन्या वाटेनं दोनशे चाळीस पावलं, वळशानं अकराशे. सत्तावीस बायांची नावं घातली, पहिलं नाव शेवंतीचं, तिचंच मूल गेलं. मी बाळकुमला होडीनंच गेलो. धक्क्याला लागताना उजवा हात छातीशी धरला आणि उतरलो.

गेल्या सोमवारी मामलेदारांपुढे सुनावणी झाली. महिपत आणि दहाबारा बाया भिंतीशी उभ्या. श्रीपादराव उठले. त्यांनी वाटेबद्दल अवाक्षर काढलं नाही. अर्जाचा कागद वर धरून म्हणाले, "हा अर्ज ज्यानं लिहिला असं खाली म्हटलं आहे, तो माझ्या कचेरीतून काढलेला नक्कलनवीस आहे. त्याला एकच हात आहे. इतकं स्वच्छ लेखन त्याच्या हातून होणं शक्य नाही, हे मी स्वतः बघितलं आहे. तेव्हा अर्ज दुसऱ्याच कोणी लिहिला आणि नाव याचं घातलं. असा खोट्या नावाचा अर्ज दप्तरी घेऊ नये."

मामलेदार साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लिहिलात?"

"होय."

"इथं लिहून दाखवाल?"

"दाखवीन. पण मेज मोकळं करून मिळावं."

त्यांच्या कारकुनाचं मेज पुढे आणलं. आमच्या कचेरीतल्या मेजांहून जास्त उतरतं, आणि रोगण इतकं ताजं की त्यात माझं तोंड दिसत होतं. मी पिशवीतून तुझ्या पट्ट्या काढल्या. श्रीपादराव म्हणाले, "ही कसली थेरं? याला हरकत आहे. बाहेरच्या साधनाशिवाय लिहू दे."

मी म्हटलं, "रावसाहेब, आपला चष्मा काढून ठेवा आणि तो अर्ज वाचून दाखवा. मग मीही पट्ट्या काढतो."

कोणी हसलं नाही. मामलेदार साहेब म्हणाले, "पट्ट्या राहू द्या. लिहा." आणि स्वतःच सांगू लागले, मुद्दाम भरभर, मध्ये फारसी शब्द घालून. मी पानभर लिहिलं. दौत हलली नाही, कागद हलला नाही. रूळ ठेवला तिथं राहिला. ताई, मला त्या वेळी कोणाला काही दाखवायचं आहे हेसुद्धा आठवत नव्हतं. नुसत्या ओळी सरळ चालल्या होत्या.

साहेबांनी ते पान आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले. 'क्ष'वर बोट ठेवलं. म्हणाले, "अक्षर यांचंच आहे. आता वकीलसाहेब, वाटेबद्दल बोला."

वाटेबद्दल श्रीपादरावांकडे बोलायला थोडंच होतं. साहेब स्वतः बाळकुमला जाऊन पावलं मोजून आले. काल हुकूम झाला, कुंपण काढावं. आज सकाळी काढलं. शेवंती पहिल्यांदा गेली. हंडा भरून आणला, बांधावर ठेवला आणि तिथंच बसून राहिली. तिला कोणी उठवलं नाही.

हुकूम झाल्यावर श्रीपादरावांनी मला पायरीवर गाठलं. म्हणाले, "झालं गेलं विसर. तुझी जागा मोकळी आहे. पूर्वीपेक्षा बरं मेज देतो, खिडकीपासून लांब." आवाजात खोटेपणा नव्हता, हे लिहायला हवं. मी त्यांना नमस्कार केला आणि म्हटलं, "दाराशी बसायला सांगितलंत तेव्हा मला जागा जाईल याची भीती होती. आता नाही. मी चिंचेखाली बसतो ते मला कोणी बसवलेलं नाही."

सुनावणीच्या दिवसापासून शेजारचे दोघे लिहिणारे पट्ट्या मागताहेत. त्यांना दोन दोन हात आहेत, तरी वाऱ्यानं कागद उडतात म्हणून हव्यात. जमेल तेव्हा पाठव. आणि आता तरी सांग, पाठकोऱ्या तुकड्यांचं काय?

त्र्यंबक


कल्याण, ता. २९ जून १८८४

चि. त्र्यंबकास,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं, माजघरात बसून. ऐकायचं त्यांनी ऐकलं.

आता माझं सांगते. तुझ्यावर आधी भार नको होता म्हणून लिहिलं नाही. तूही हात गेल्याचं दोन महिने लिहिलं नव्हतंस, तेव्हा फिटंफाट.

पहिल्या पट्ट्या मी मागच्या अंगणात केल्या. दुसऱ्या खेपेला चीक उकळायला ठेवला तर सासूबाईंनी भांडं उचलून नाल्यात टाकलं. म्हणाल्या, या वासानं घर विटाळलं. मी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी देवळात जाते म्हणून निघाले आणि आवडाबाईबरोबर दीड कोस चालत ठाकुर्लीला गेले. तिच्या अंगणात आम्ही दोघींनी चीक शिजवला, बारीक चाळलेली रेती आणि राख घातली, आणि पट्ट्या गोवऱ्यांच्या धुरावर टांगल्या. चार फेऱ्या कराव्या लागल्या. प्रत्येक फेरीत ती पट्टी हातात चोळून म्हणायची, "अजून चिकाट हाय, बाय." शेवटच्या वेळी तिनं ती चोळली आणि माझ्या हातात दिली.

तिसऱ्या फेरीला ऊन फार होतं. मला तहान लागली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माठाकडे, कारण मला पाणी द्यावं की नाही हे तिला कळेना. मीच तिच्या माठातलं पाणी घेतलं आणि प्यायले. त्याच वेळी आमच्या आळीतला एक माणूस रस्त्यानं चालला होता.

तेव्हापासून मला चुलीपाशी जायची बंदी आहे. पान वेगळं वाढतात. कागद, दौत, टाक पेटीत कुलपाखाली गेले. तू लिहितोस ते पाठकोरे तुकडे मी वाण्याच्या पुड्यांमधून जमवत होते. शाई काजळाची होती. 'इकडून' या सगळ्यात होकारही नाही आणि नकारही नाही. ऑफिसातून येणं, जेवणं, वर्तमानपत्र वाचणं.

गेल्या एकादशीला भटजींना बोलावलं होतं. प्रायश्चित्ताची तयारी झाली. पंचगव्य पुढे आलं. भटजी म्हणाले, "नकळत घडलं असं म्हणा, म्हणजे सोपं होईल."

मी म्हटलं, "नकळत नाही घडलं. तहान लागली होती, पाणी चांगलं होतं, प्यायले. पुन्हा लागली तर पुन्हा पिईन. तुम्ही देता ते मी घेतलं तर मी खोटं बोलल्यासारखं होईल."

सासूबाई आत निघून गेल्या. भटजी 'इकडे' बघत राहिले. आणि इकडून, त्र्यंबका, बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूनं एक वाक्य बोलणं झालं. "गुरुजी, तिला घ्यायचं नसेल तर जबरदस्ती करण्यात अर्थ नाही." एवढंच. आवाजही मोठा नव्हता. पण संध्याकाळी पेटीची किल्ली माझ्या उशाशी होती.

चुलीची बंदी अजून उठलेली नाही. कधी उठेल ठाऊक नाही. मी वाट बघत बसलेली नाही. स्वयंपाकातून सुटलेला वेळ मला पुष्कळ पुरतो.

शेवंतीचं तू लिहिलंस ते आवडाबाईला सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला, मग टोपली उचलून पुढच्या घरी गेली.

तुझ्या शेजाऱ्यांना किती पट्ट्या हव्यात ते कळव. फणसांचा मोसम संपत आला आहे, पण तिच्या दारात दोन झाडं अजून लागलेली आहेत. गुरुवारी मी ठाकुर्लीला जाते आहे. घरात परवानगी मागितलेली नाही. कुठे जाते, ते सांगितलं आहे.

सुमती